उरलेल्या पानांची भीती

आवकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण बावीस वर्षं एकाच कचेरीत, एकाच टेबलावर, आवक-जावक विभागातल्या फक्त आवकेच्या बाजूला बसलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? आलेल्या प्रत्येक कागदावर तारीख घालायची, 'मिळाले' असा शिक्का मारायचा, नोंदवहीत नोंद करायची आणि कागद पुढे ढकलायचा. कागदात काय लिहिलंय, ते बरोबर आहे की चूक, पाठवणारा शहाणा आहे की कसा, याबद्दल बावीस वर्षांत कुणीही त्यांचं मत विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी दिलं नसतं. माणूस स्वभावाने भित्रा. रिक्षावाल्याने चुकीच्या वळणावर गाडी घातली तरी हे गप्प बसत, आणि उतरल्यावर मागे चालत येत.

पण न दिलेली मतं जातात कुठे? आवकरावांची ती वाचनालयात जात. ते वाटेल ते वाचत. रहस्यकथा, आत्मचरित्रं, मधमाश्या, बर्फातले प्रवास, मूळव्याधीवरचे घरगुती उपाय. आणि पुस्तक परत करताना ग्रंथपालबाईंच्या टेबलापाशी उभं राहून, इकडेतिकडे बघून, हळू आवाजात दोन वाक्यं बोलत. बाई शिक्का मारता मारता हसत. एकदा म्हणाल्या,

"हे जे तुम्ही कुजबुजता ना, ते लिहून देत चला. दाराशी पाटी लावते. तेवढंच वाचून लोक पुस्तकं नेतील. नाहीतर इथे येऊन नुसते पंख्याखाली बसतात."

"लिहून? माझ्या नावाने?" आवकरावांनी दाराकडे पाहिलं.

"नाव नको. नुसतं 'वाचक म्हणतो'. चिठ्ठी पेटीत टाकायची, मी सकाळी लावीन. कुणी विचारलं तर मला काही ठाऊक नाही."

बाईंनी टेबलाच्या खणातून तारखांच्या कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा काढून त्यांच्या हातात ठेवला. आवकरावांनी तो असा खिशात घातला की जणू कुणाचा ऐवज चोरला.

पाटी सुरू झाली आणि पंधरा दिवसांत तिच्यापुढे माणसं थांबायला लागली. मधमाश्यांच्या पुस्तकाबद्दल वाचकाने म्हटलं होतं, 'माहिती उत्तम. फक्त मधमाश्यांपेक्षा लेखक जास्त गुणगुणतो.' एका रहस्यकथेबद्दल, 'खुनी आपल्याला एकेचाळिसाव्या पानावर कळतो, पोलिसांना दोनशे बाराव्या. मधल्या काळात वाचकाने काय करायचं ते लेखकाने सांगितलेलं नाही.' एका निवृत्त न्यायाधीशांच्या आत्मचरित्राबद्दल, 'चारशे पानांत न्यायाधीशांची एकही चूक नाही. छपाईच्या एकशे सहा आहेत.' पाठदुखीवरच्या ग्रंथाला, 'उपयुक्त, पण उचलू नये.' आणि एका जाडजूड प्रेमकथेला, जिच्यावर बाकीचे सगळे हसत असत, 'नायिका आठ वेळा रडते. सातव्या वेळेला मीही रडलो. कारण सांगणार नाही.' ही प्रेमकथा पुढे तीन महिने कपाटात परत आली नाही.

आवकराव रोज संध्याकाळी गर्दीच्या मागे उभे राहून लोकांचं हसणं ऐकत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटू लागलं होतं, की आपण नुसते 'मिळाले' नाही, काहीतरी 'पाठवले'सुद्धा आहे. माणसाला असं वाटायला लागलं की त्याने जरा जपून राहावं. आवकराव जपून राहिले नाहीत.

'विहिरीतला तिसरा आवाज' नावाची पाचशे पानी भयकादंबरी वाचनालयात आली. लेखकाचं टोपणनाव 'कृष्णपक्ष'. आवकरावांनी ती नेली, परत केली आणि पेटीत चिठ्ठी टाकली:

'वाचताना भीती वाटते. पुस्तकाची नाही, अजून किती पानं उरली आहेत, याची.'

दुसऱ्या दिवशी पाटीपुढे इतकं हसणं झालं की बाईंना दोनदा 'शांतता' म्हणून टेबल वाजवावं लागलं. आणि त्याच रात्री म्हणा, योगायोगाने म्हणा, आवकरावांच्या उजव्या बाजूची शेवटून दुसरी दाढ ठणकायला लागली.

दाढेची बातमी शेजारी पोचायला वेळ लागला नाही, कारण शेजारी वजनमापे राहत. हे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभा जन्म तराजू तपासण्यात गेल्यामुळे दुसऱ्याच्या घरातलं काहीही त्यांना कमी-जास्त दिसे. सल्लासुद्धा मोजून देत.

"लवंगेचं तेल. दोन थेंब. तीन नाही! आणि अडीच मिनिटं तोंड मिटून बसायचं," त्यांनी फर्मावलं. मग खुर्ची पुढे ओढून आवाज खाली आणला. "बरं, ते पाटीचं कळलं का? आपले कोपऱ्यावरचे दंतवैद्य भयंकर संतापलेत."

"दंतवैद्य? त्यांना पाटीचं काय?" आवकराव तेलाचा बोळा सांभाळत म्हणाले.

"अहो, तो कृष्णपक्ष म्हणजे तेच! परवा माझी कवळी बसवता बसवता स्वतः म्हणाले. अकरा वर्षं लिहीत होते. आता वाचनालयाच्या समितीकडे अर्ज दिलाय, की हा वाचक कोण ते शोधा. माझ्यासमोर उभा करा म्हणाले."

 बोळा घशात गेला. तो बाहेर काढेपर्यंत वजनमापे त्यांच्या पाठीत बुक्क्या मारत होते आणि मोजत होते.

"आणि शोधणार कोण, माहितेय?" सहाव्या बुक्कीला ते अभिमानाने म्हणाले. "मी! समितीने मलाच नेमलंय. माझं जुनं भिंग आहे ना, ज्याने मी मापांवरचे खोटे शिक्के पकडायचो, तेच काढलंय."

दोन दिवसांनी वाचनालयाच्या दारावर, नेमकं पाटीच्याच शेजारी, समितीचं परिपत्रक लागलं. सर्व सभासदांनी सभासदत्वाचा अर्ज नव्याने, स्वहस्ताक्षरात, समितीने नेमलेल्या सदस्यासमोर भरावा. न भरल्यास पुस्तक मिळणार नाही. आवकरावांनी ते तीन वेळा वाचलं. बावीस वर्षांत त्यांनी अशी परिपत्रकं हजारोंनी घेतली होती. त्यातलं एखादं आपल्यालाच शोधत येईल असं कधी मनात आलं नव्हतं.

आता त्यांच्या अक्षराबद्दल सांगायला हवं. ते अक्षर म्हणजे काही साधंसुधं नव्हतं. आवक नोंदवहीत रोज शंभर ओळी लिहून त्यांचा 'क' असा काही वळला होता की त्याची शेपटी पुढच्या अक्षराखालून जाऊन वर यायची. कचेरीत कुणी दुरून पाहिलं तरी ओळखे. आणि पाटीवर लावलेल्या अकराच्या अकरा चिठ्ठ्यांवर ती शेपटी डौलात उभी होती. चिठ्ठ्या काढून घ्यायची सोय नव्हती. वजनमाप्यांनी त्या पुरावा म्हणून काचेच्या फळीआड बंद केल्या होत्या.

आवकरावांनी घाबरलेल्या माणसाला सुचतं ते केलं. दुसऱ्या दिवशी उजव्या मनगटाला जाड पट्टी बांधली.

"न्हाणीघरात घसरलो," त्यांनी वजनमाप्यांना सांगितलं. "अर्ज डाव्या हाताने भरतो."

डाव्या हाताने भरलेला अर्ज वजनमाप्यांनी भिंगाखाली धरला, उजेडाकडे नेला, उलटा केला. "हे अक्षर आहे की शाईत पडलेली मुंगी?" ते म्हणाले. "आणि सही तर जुन्या सहीशी अजिबात जुळत नाही. असा अर्ज घेता येत नाही. सोबत डॉक्टरचा दाखला जोडा, की उजवा हात खरोखर जायबंदी आहे."

"कोणत्या डॉक्टरचा?"

"कोणत्याही. नोंदणी असली की झालं."

इकडे कचेरीत निराळीच शोभा झाली. पट्टी बांधलेल्या हाताने नोंदवही लिहायची कशी? डाव्या हाताने शिक्के मारताना अर्ध्या कागदांवर 'मिळाले' उलटं उमटलं. वरच्या मजल्यावरून एक कागद परत आला, त्यावर साहेबांनी लाल शाईत लिहिलं होतं, 'हे नेमके मिळाले की परत केले?' बावीस वर्षांची अब्रू अशी डोक्यावर उभी राहिली. संध्याकाळी घरी आले तेव्हा गाल सुजून डोळ्यापर्यंत पोचला होता.

बायको शाळेत गणित शिकवायची. ती जिन्यातच उभी होती. त्यांच्या हाताकडे पाहिलं, गालाकडे पाहिलं.

"हात खोटा आहे," ती म्हणाली. "दाढ खरी आहे. चला आधी डॉक्टरकडे."

"त्या दंतवैद्याकडे नको! दुसरीकडे कुठेही..."

"आज शनिवार. दुसरे दोघेही सोमवारी उघडतात. गाल सोमवारपर्यंत थांबणार आहे का?"

तेवढ्यात वजनमाप्यांचं दार उघडलं. "दंतवैद्याकडे निघालात? वा! मीही येतो. दाढ आणि दाखला दोन्ही एकदम होतील."

अशा रीतीने आवकराव एका बाजूला बायको आणि दुसऱ्या बाजूला वजनमापे अशा बंदोबस्तात दवाखान्यात हजर झाले. बाहेरच्या खोलीत बसायला चार खुर्च्या आणि मधे तिपाई होती. इतर दवाखान्यांत तिपाईवर जुनी मासिकं असतात. इथे 'विहिरीतला तिसरा आवाज'च्या सहा प्रती होत्या.

दंतवैद्य हा धिप्पाड गृहस्थ. मनगटं अशी की त्यातलं एक आवकरावांच्या पोटरीएवढं. पण आवाज अगदी मऊ, आईने लेकराला झोपवावं तसा. आवकरावांना त्या मनगटांपेक्षा त्या आवाजाचीच जास्त भीती वाटली.

"तोंड उघडा. मोठं. अजून. छान." दिवा डोळ्यांवर आला. एक थंड सळई दाढेपाशी गेली आणि आवकराव खुर्चीतून चार बोटं वर उचलले गेले. "हं. किडलीय खोलवर. वाचवता येईल. तीन वेळा यावं लागेल. वाचता का?"

"आँ?"

"पुस्तकं. वाचता?"

तोंडात दोन नळ्या, एक आरसा आणि त्यांचा अंगठा असताना खोटं बोलणंही शक्य नव्हतं. आवकरावांनी मान हलवली. ती होकारार्थी की नकारार्थी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मी लिहितो," दंतवैद्य मऊ आवाजात म्हणाले आणि सुई वर धरून तिच्यातून एक थेंब उडवला. "एकच लिहिली. अकरा वर्षं लागली. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी, रोज चार ओळी. आणि कुणा एका माणसाने ती अकरा शब्दांत संपवली. मी मोजले. अकरा वर्षं, अकरा शब्द. हलू नका, हं."

आवकराव हलले नाहीत. ते श्वासही घेत नव्हते. सुई आत गेली.

"मला तो माणूस एकदाच भेटायला हवाय," दंतवैद्य म्हणाले. "बस्स, एकदाच. या खुर्चीत."

पुढचा अर्धा तास यंत्र घरघरत होतं. दाढ बधिर होती, बाकीचे आवकराव नव्हते. संपल्यावर दंतवैद्यांनी हातमोजे काढले आणि पट्टीकडे बोट दाखवलं.

"आणि हे काय? बघू."

त्यांनी पट्टी सोडली. मनगट उघडं पडलं, गोरंपान, सुजेचा लवलेश नाही. दंतवैद्यांनी अजून बोटही लावलं नव्हतं, तोच आवकराव "आई गं!" म्हणून ओरडले.

 मग दंतवैद्यांनी दाखला लिहिला. बाहेर आल्यावर वजनमाप्यांनी तो हातातून काढून घेऊन मोठ्याने वाचला: "मनगट दिसण्यास उत्तम आहे. रुग्ण दुखते म्हणतो." त्यांनी दाखला घडी घालून खिशात ठेवला आणि आवकरावांकडे एकदा, एका डोळ्याने, तोलून पाहिलं.

निघताना दंतवैद्यांनी तिपाईवरची एक प्रत उचलून आवकरावांच्या हातात दिली. "न्या. पुढच्या वेळेपर्यंत वाचा. तुम्ही सरळ माणूस दिसता. त्या पाटीवर त्याला एक उत्तर द्या. नावानिशी. तुमचं खरं मत."

घरी येऊन आवकराव अर्ध्या बधिर तोंडाने बायकोला म्हणाले, "थूच लिहून थाक. छान आहे म्हणून. मी थांगतो, थू लिही."

"मी?"

"माझा हाथ दुखथोय ना!"

बायकोने वह्या तपासायचा लाल पेन खाली ठेवला. "पाटीवरची ती 'क'ची शेपटी मी कधीच ओळखलीय. मला एक सांगा. पाटीवर लिहिलंत तेव्हा पुस्तक पूर्ण वाचलं होतं?"

आवकराव खिडकीबाहेर बघू लागले.

"अहो, मी विचारतेय."

"बहुतेक," आवकराव एकेक शब्द सावकाश जुळवत म्हणाले. "मधली थोडी पानं राहिली. परत करायची तारीख आली होती. एकशे बारापासून एकशे पन्नासपर्यंत. एक माणूस इस्पितळात बसलाय, नुसता बसलाय, भूत नाही की विहीर नाही. म्हटलं, भरताड असेल."

 बायकोने चष्मा काढून टेबलावर ठेवला. वर्गात एखाद्याने उत्तर शेजाऱ्याचं बघून लिहिलं की ती असाच चष्मा काढते, हे आवकरावांना ठाऊक होतं.

"पेपर न तपासता मार्क दिलेत," ती एवढंच म्हणाली आणि आत गेली.

माणूस साहेबांच्या लाल शाईला भितो, दंतवैद्याच्या सुईला भितो, पण या वाक्यापुढे दोन्ही काहीच नव्हत्या. आवकरावांनी रविवारी दुपारी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि एकशे बारावं पान उघडलं.

त्या पानांत काही घडत नव्हतं, हे खरं. एक तरुण मुलगा शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर बसलेला. आत वडील. परिचारिका बाहेर येते आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी त्याच्या हातात देते, वडिलांची कवळी. आत न्यायच्या आधी काढून ठेवावी लागते. तो ती खिशात ठेवतो. मग वाटतं, खिशात मोडेल. हातात धरतो. हाताला घाम येतो, म्हणून पुन्हा खिशात. दार वाजतं, तो उभा राहतो. दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतात. तो बसतो. पाच तास. कवळी रुमालातून हसल्यासारखी दिसते म्हणून तो रुमाल घट्ट करतो. दार पुन्हा वाजतं. यावेळी त्याला उठवेना, कारण जोवर तो उठत नाही तोवर ती बातमी त्याची नाही.

आवकरावांचा चहा निवला. बायकोने दोनदा हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही. एकशे पन्नासावं पान आलं तेव्हा त्यांना जाणवलं, की आपण पुस्तक छातीशी धरून बसलो आहोत आणि आपल्याला भीती वाटते आहे. खरीखुरी. या पुस्तकाची.

बाकीची साडेचारशे पानंही त्यांनी इमानेइतबारे पुन्हा वाचली. ती मात्र होती तशीच होती. विहिरीतला तिसरा आवाज तर पहिल्या दोघांइतकाच बडबड्या निघाला.

दुसरी खेप पार पडली. 'अजून थोडं राहिलंय' असं सांगून आवकरावांनी वेळ मारून नेली. तिसऱ्या खेपेला ते एकटेच गेले, तर बाहेरच्या खोलीत वजनमापे बसलेले. मांडीवर अर्जांचा गठ्ठा, हातात भिंग, चेहऱ्यावर विजय.

"सापडला!" ते म्हणाले. "किंवा खरं म्हणजे, सापडली!"

आवकराव शेजारच्या खुर्चीत बसले. "कोण?"

"ग्रंथपालबाई! मी अक्षरांवर वेळ घालवलाच नाही हो. कागद पाहिला. सगळ्या चिठ्ठ्या वाचनालयाच्या तारीखपट्ट्यांवर आहेत. त्या पट्ट्या असतात कुठे? बाईंच्या खणात, कुलपात! आणि विचारलं तर म्हणतात, मला ठाऊक नाही. सोमवारी समितीची बैठक आहे. बाईंना जावं लागेल."

"पण त्यांनी काही केलेलं नाही!"

"मग त्या नाव का सांगत नाहीत?"

कारण त्यांनी मला शब्द दिलाय, असं आवकरावांच्या ओठांवर आलं आणि तिथेच थिजलं. आतून मऊ आवाज आला, "या, पुढचे."

आवकराव आत गेले आणि खुर्चीत बसले. दंतवैद्यांनी दिवा ओढला. आवकरावांना स्पष्ट दिसत होतं, की आता तोंड उघडलं की मग त्यात हत्यारं जाणार आणि अर्धा तास काही बोलता येणार नाही. तेवढ्यात संध्याकाळ होईल, मग उद्या रविवार, मग सोमवार. इतकी सोयीची भीती त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. नुसतं 'आ' करायचं होतं.

"तोंड उघडा," दंतवैद्य म्हणाले.

आवकरावांनी उघडलं आणि म्हणाले, "मी आहे."

"काय?"

"तो वाचक. अकरा शब्दांचा. बाई नाहीत, मी आहे. हात पण चांगला आहे." त्यांनी पट्टी सोडून पुरावा म्हणून मनगट पुढे केलं.  "आणि मी मधली पानं वाचली नव्हती. एकशे बारा ते एकशे पन्नास. न वाचताच लिहिलं. आता वाचली. ती... डॉक्टर, ती पानं वाचून मला तुमची कवळी दिसते डोळ्यांपुढे. म्हणजे त्या मुलाच्या वडिलांची."

दंतवैद्यांच्या हातात बारीक सुईसारखं हत्यार होतं. ते तसंच हवेत राहिलं.

"आणि बाकीची?" त्यांनी विचारलं.

इथे एक 'छान' पुरलं असतं. आवकरावांनी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले, डोळे मिटले.

"बाकीची तशीच वाटली," ते म्हणाले.

 मग मऊ आवाज आला, "आ करा."

चाळीस मिनिटं दंतवैद्य एक शब्द बोलले नाहीत. आवकरावांनी त्या चाळीस मिनिटांत तीनदा मनातल्या मनात मृत्युपत्र केलं. पण दुखलं काहीच नाही. हात इतका हलका चालत होता, की शेवटी दंतवैद्यांनी "चूळ भरा" म्हटलं तेव्हा काम संपलंय यावर त्यांचा विश्वास बसेना.

दंतवैद्य स्टुलावर बसले. तोंडावरची पट्टी खाली ओढली.

"ती एकोणचाळीस पानं मी रचली नाहीत," ते म्हणाले. "बाकी सगळी रचली. प्रकाशक म्हणाला, ही काढून टाका, गोष्ट अडते. मी नाही काढली." त्यांनी हातमोजे काढले. "ती कवळी मी केलेली पहिली. शिकत होतो. वडील म्हणाले, पहिली मलाच कर. रोज विचारायचो, कशी आहे? म्हणायचे, छान. गेल्यावर पाहिलं, तर खालच्या हिरडीवर जखम. दोन वर्षं टोचत होती. एका शब्दाने बोलले नाहीत."

 आवकरावांचं अर्धं तोंड बधिर होतं ते बरंच झालं.

"मला तुमच्या मताचा राग नव्हता," दंतवैद्य म्हणाले. "असेल, थोडा असेल. पण मला तो माणूस भेटायला हवा होता तो एवढं विचारायला, की बाबा, कुठे टोचतं? चिठ्ठीला कसं विचारणार?"

"थांगतो," आवकराव म्हणाले. "थगळं थांगतो."

बाहेर वजनमाप्यांनी सगळा प्रकार ऐकून आधी भिंगाकडे आणि मग आवकरावांकडे पाहिलं. "माझा अंदाज कागदापुरता बरोबर होता," ते म्हणाले आणि गठ्ठा उचलून चालू लागले. समितीची बैठक सोमवारी झालीच. आवकरावांना उभं करून ताकीद दिली गेली. ती इतिवृत्तात नोंदवण्यासाठी चांगल्या अक्षराचा कुणी सापडेना, तेव्हा त्यांनाच लिहायला सांगितली. बाईंनी तेव्हा खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला होता.

त्याच संध्याकाळी पाटीवर नवी चिठ्ठी लागली. खाली पहिल्यांदाच पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. 'हे पुस्तक मी मधली पानं गाळून वाचलं आणि मत दिलं, ही माझी चूक. एकशे बारा ते एकशे पन्नास ही पानं दाराकडे पाठ करून वाचू नयेत. बाकीच्या पानांबद्दल लेखकाशी प्रत्यक्ष बोललो आहे.'

लोक आता फक्त तेवढ्यासाठी पुस्तक मागू लागले. महिन्याभरात प्रत अशी झाली, की टेबलावर ठेवली की आपोआप एकशे बाराव्या पानावर उघडायची.

एका गुरुवारी आवकराव बायकोला घेऊन वाचनालयात गेले. तिला भूमितीचं एक पुस्तक हवं होतं. टेबलावर कुणीतरी नुकतीच परत केलेली कादंबरी उघडी पडली होती. तिने जाता जाता पाहिली, थांबली, आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. पाच मिनिटं झाली, वीस झाली. बाईंनी खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. "अहो, बंद करायची वेळ..." असं त्या म्हणाल्या, तर बायकोने वर न बघता नुसता तळहात दाखवला.

त्याच वेळी दारात दंतवैद्य आले. मधमाश्यांचं पुस्तक परत करायला. एक पाऊल आत टाकलं, समोरचं दृश्य पाहिलं आणि तो एवढा थोरला माणूस तसाच चवड्यांवर मागे सरकला. आवकराव बाहेर गेले. दंतवैद्य भिंतीला चिकटून उभे होते. कपाळावर घाम होता.

"कोण आहेत त्या?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"माझी बायको. गणित शिकवते."

"कडक आहेत?"

"अर्धा मार्कसुद्धा उगाच देत नाही."

दंतवैद्यांनी कपाळ पुसलं. "कितव्या पानावर?"

आवकरावांनी दारातून डोकावून पाहिलं. "एकशे अडतीस असेल."

"म्हणजे अजून बारा," दंतवैद्य म्हणाले, आणि त्यांनी आवकरावांचा दंड धरला. दोघेही श्वास रोखून भिंतीला टेकून उभे राहिले. आतून पान उलटल्याचा आवाज येत होता. मग बराच वेळ आला नाही. मग एकदा आला. रस्त्यावरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला, तर दंतवैद्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची घंटी अर्ध्यातच थांबली.

शेवटी पुस्तक मिटल्याचा आवाज आला.  आवकरावांनी पुन्हा डोकावलं. बायकोने चष्मा काढला होता. पण यावेळी टेबलावर ठेवला नाही. रुमालाने पुसत होती, आणि पुसून झाला तरी पुसतच होती.

मग तिने घसा साफ केला आणि पुस्तक बाईंपुढे सरकवलं.

"हे माझ्या नावावर लिहा," ती म्हणाली.